नंबर लागला, पैसे कधी?

2018 साली नालासोपाऱ्यातल्या एका भाजीविक्रेत्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर झळकली होती. राज्य लॉटरीचं 1 कोटी 11 लाखांचं बक्षीस लागलेला नंबर त्याच्या तिकिटावर होता. आनंद करून झाला, पेढे वाटून झाले, आणि तो तिकीट घेऊन वाशीला लॉटरीच्या कार्यालयात गेला. तिथे त्याला कळलं की याच नंबरचं तिकीट घेऊन आणखीही दावेदार येऊन गेले आहेत. नंबर तोच, मालिका तीच, सोडतीची तारीख तीच. कागद मात्र एकाहून जास्त. खरं तिकीट एकच असू शकतं, म्हणजे बाकीची बनावट. प्रकरण पोलिसांत गेलं आणि शहरात हळहळ व्यक्त झाली. दुकानात रोख पैसे मोजून तिकीट घेणाऱ्या माणसाला खरं-खोटं कसं ओळखायचं हे कुणीच कधी सांगितलेलं नसतं, असं तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं.

लॉटरीवरचं बहुतेक लिखाण नशिबाबद्दल असतं. नशिबाचा भाग सोडतीच्या क्षणी संपतो. त्यानंतर उरतो तो कागदाचा भाग, आणि तिथे लोक जास्त फसतात.

वसई-विरारमध्ये लॉटरीची टपरी शोधावी लागत नाही. नालासोपारा, विरार, वसई रोड, कुठल्याही स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेशेजारी, वडापावच्या गाडीच्या आसपास एक लहानसं टेबल असतं. दोरीला चिमट्यांनी अडकवलेली रंगीत तिकिटं, काचेखाली निकालाचे तक्ते, मागे चष्मा नाकावर ओढून बसलेले काका. गिऱ्हाईक ठरलेलं असतं: रात्रपाळीहून परतणारा सुरक्षारक्षक, मासळी विकून निघालेल्या बाया, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ जे दर आठवड्याला शेवटचा आकडा सातच मागतात. लॉटरीवाला त्यांना सात शोधूनही देतो. सोडतीच्या यंत्राला या सातचं काहीच घेणं-देणं नसतं, पण गिऱ्हाईक खूश राहतं.

हातात आलेल्या तिकिटावर काय छापलेलं असतं ते नीट पाहणारे कमी. वर शासनाचं नाव आणि बोधचिन्ह, सोडतीचं नाव, तारीख, किंमत, मालिकेची अक्षरं, नंबर, बारकोड. मागच्या बाजूला बारीक टाइपात नियम, बक्षीस मागण्याची मुदत, आणि नाव-पत्ता-सहीसाठी जागा. महाराष्ट्राच्या छापील लॉटरीत नंबर खेळणारा निवडत नाही. तो आधीच छापलेला असतो. मालिका आणि नंबर मिळून प्रत्येक तिकीट एकमेव असतं. त्यामुळे संधीचं गणितही सोपं आहे. समजा एका सोडतीत 10 मालिका आहेत आणि प्रत्येकीत 1 लाख नंबर, तर तिकिटं 10 लाख, पहिलं बक्षीस एक. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाख 22 हजार होती. म्हणजे अख्ख्या शहरातून डोळे मिटून एक माणूस उचलायचा आणि तो नेमका आपणच निघायचा, साधारण एवढीच ही शक्यता. लहान बक्षिसं शेवटच्या काही आकड्यांवर असतात, म्हणून ती बऱ्याच जणांना लागतात आणि टपरीवरची उमेद टिकून राहते. शंभराचं तिकीट, दोनशेचं बक्षीस, आणि त्या दोनशेची पुन्हा दोन तिकिटं. लॉटरीचा धंदा या फेऱ्यावर चालतो, करोडपतींवर नव्हे.

सरकारनं लोकांच्या नशिबाचा बाजार मांडावा का, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. मुंबईत तर लॉटरीच्या पैशातून उभी राहिलेली वास्तू आजही लोक पायऱ्यांवर बसून वापरतात. फोर्टातल्या टाउन हॉलची, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीची कल्पना 1811 मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश यांनी मांडली आणि पैसा उभा करायला लॉटऱ्या काढल्या गेल्या. पैसे पुरले नाहीत, उरलेला खर्च कंपनी सरकारनं सोसला, आणि इमारत 1833 मध्ये पुरी झाली. कोलकात्यात 1817 मध्ये शहरसुधारणेसाठी चक्क लॉटरी समिती नेमली होती. पोर्तुगीजांकडेही ही परंपरा होती. लिस्बनच्या मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेला 1783 मध्ये राणी मारिया पहिली हिनं लॉटरी चालवण्याचा परवाना दिला. वसईवर पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं राज्य केलं खरं, पण 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, आणि पोर्तुगीज लॉटरी वसईपर्यंत पोहोचायची राहून गेली. वसईकरांच्या वाट्याला लॉटरी आली ती वाशीमार्गे, आणि तिच्यामागे मुंबईचा मटका होता.

साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत आकडा लागायचा. ते भाव येणं 1961 मध्ये थांबलं, तेव्हा कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये वरळीत आणि रतन खत्री यांनी 1964 मध्ये मटक्याची नवी पद्धत सुरू केली. गिरणगावापासून वसईच्या वाड्यांपर्यंत ओपन-क्लोज पोहोचला. आकडा लावायची माणसाची खोड मोडता येत नसेल, तर निदान त्यातला पैसा सरकारी तिजोरीत यावा, हा विचार तेव्हा राज्यांच्या अर्थखात्यांत रुजत होता. वाट केरळनं दाखवली. अर्थमंत्री पी. के. कुंजू साहेब यांच्या पुढाकारानं 1 नोव्हेंबर 1967 रोजी केरळनं एक रुपयाचं तिकीट बाजारात आणलं आणि 26 जानेवारी 1968 रोजी 50 हजारांच्या पहिल्या बक्षिसाची सोडत काढली. महाराष्ट्र राज्य लॉटरी 12 एप्रिल 1969 ची. बेकायदा मटक्याला आळा घालायचा आणि लोकांना विश्वासार्ह पर्याय द्यायचा, हे तिचं सांगितलेलं प्रयोजन. मटका काही बंद पडला नाही. पण लॉटरी अर्थखात्याखाली चालू राहिली, आणि तिचं कार्यालय नवी मुंबईत वाशीला आहे.

घटनेत लॉटरीला वेगळी जागा आहे. जुगार हा राज्यांच्या यादीतला विषय. पण सरकारनं चालवलेली लॉटरी केंद्राच्या यादीत, नोंद क्रमांक 40. त्यामुळे तिचे नियम संसदेनं केले. नव्वदच्या दशकात एक आकडी लॉटऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. शून्य ते नऊ यांपैकी एक आकडा, दिवसातून अनेक निकाल. नाव लॉटरीचं, चाल मटक्याची. घरंच्या घरं बसली. 1998 च्या लॉटरी विनियमन कायद्यानं एका आकड्यावर किंवा आधी जाहीर केलेल्या नंबरवर बक्षीस द्यायला बंदी घातली. तिकिटं राज्य सरकारनं स्वतः छापायची, त्यावर आपलं चिन्ह उमटवायचं, सोडत राज्याच्या हद्दीतच आणि स्वतःच काढायची, विक्रीचा पैसा सरकारी खात्यात जमा करायचा, बंपर सोडती वर्षाला सहाच, आणि मुदतीत न मागितलेलं बक्षीस सरकारजमा, अशा अटी त्यात आहेत. सरकारी परवानगीशिवाय लॉटरीचं कार्यालय चालवणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या 294अ कलमात होता, आता न्याय संहितेच्या 297 मध्ये.

मग नालासोपाऱ्याच्या टपरीवर गोवा-नागालँडच्या लॉटऱ्या कशा दिसतात, असा प्रश्न पडतो. सर्वोच्च न्यायालयानं 1999 च्या बी. आर. एंटरप्रायझेस प्रकरणात त्याचं उत्तर दिलं: जे राज्य स्वतः लॉटरी चालवतं, त्याला फक्त इतर राज्यांच्या तिकिटांवर बंदी घालता येत नाही. बंदी घालायची तर सगळ्यांवर, स्वतःच्याही. महाराष्ट्र स्वतःची लॉटरी सोडायला तयार नाही, म्हणून इतरांची दारंही उघडी राहतात. 2000 नंतर संगणकावरची लॉटरीही याच दारातून आली. एस्सेल समूहानं सिक्कीम सरकारची प्लेविन गल्लोगल्ली नेली. पुढे त्या पडद्यांच्या आडून बनावट सॉफ्टवेअरवर आकडा घेणारी दुकानं निघाली. बाहेर पाटी सरकारमान्य लॉटरीची, आत हिशेब मालकाच्या डायरीत. अशा ठिकाणी नंबर लागला तरी बक्षीस मागायला सरकार नावाचं कुणी नसतं.

आता बक्षीस लागलं असं धरू. लहान रक्कम विक्रेताच देतो. मोठ्या रकमेसाठी वाशी गाठावं लागतं, आणि विरारकरासाठी वाशी ही सरळ वाट नव्हे. विरार लोकलनं दादर, तिथून मध्य रेल्वेनं कुर्ला, कुर्ल्याहून हार्बरनं वाशी. वसई रोडहून दिव्याला जाणारी गाडी आहे, पण फेऱ्या मोजक्या. ती चुकली तर दिवस गेला. सोबत मूळ तिकीट, मागणी अर्ज, फोटो, पॅन कार्ड, आधार, बँक खात्याचा पुरावा. तिकीट फाटलेलं, धुतलेलं, नंबरवर खाडाखोड असलेलं असेल तर अडचण आलीच. अधिकारी तिकिटाची छपाई, बारकोड आणि विक्रीची नोंद ताडून पाहतात. कोटीच्या घरातलं तिकीट असेल तर ही तपासणी डोळ्यांत तेल घालून होते, आणि 2018 च्या प्रकरणानंतर ती का व्हावी हे कुणाला समजावून सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे छापील लॉटरीत कागद हाच हक्क असतो. दुकानदाराला चेहरा आठवतो, शेजाऱ्यानं तिकीट पाहिलं होतं, मुलाला नंबर पाठ होता; यातलं काहीही तिकिटाची जागा घेऊ शकत नाही. मागे सही नसेल तर ज्याच्या हातात कागद तो धनी, आणि मग चोरी झाली हे सिद्ध करत पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवायच्या.

जर्मनीत नेमकं इथेच चित्र वेगळं आहे. या तुलनेला महाराष्ट्रात आता नवं कारणही आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि नर्सिंग, वीजकाम, वाहनचालन शिकलेली मराठी मुलं जर्मन शिकू लागली. स्टुटगार्टच्या कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे त्यांना पिवळी लोट्टोची पाटी दिसेल. तिथेही लॉटरी राज्यांचीच आहे: जर्मनीच्या 16 राज्यांच्या 16 लॉटरी कंपन्या, आणि सगळ्यांची मिळून 49 पैकी 6 आकड्यांची सोडत. 9 ऑक्टोबर 1955 रोजी हॅम्बुर्गमध्ये पहिल्या सोडतीत एका लहान मुलीनं काढलेला पहिला आकडा 13 होता. अपशकुनी आकड्यानं सुरुवात होऊनही खेळ सत्तर वर्षं चालला आहे. तिथे आकडे खेळणारा स्वतः निवडतो आणि दुकानातलं यंत्र ते थेट कंपनीच्या संगणकाला कळवतं. हातात मिळतो तो कागद फक्त पावती. खरी नोंद संगणकात. त्यामुळे एकाच नंबरची दोन बनावट तिकिटं घेऊन दोन माणसं कार्यालयात भांडत बसली आहेत, असं तिथे होणं अवघड. ग्राहक कार्ड वापरलं असेल तर नावही नोंदलेलं असतं आणि मोठी रक्कम थेट बँकेत येते.

अर्थात कार्ड न वापरता रोखीनं खेळणाऱ्याला तिथेही पावती सांभाळावी लागते. एप्रिल 2017 मध्ये याच बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, रॉयटलिंगेनच्या परिसरात कुणीतरी खेळलेल्या आकड्यांना 1 कोटी 13 लाख युरोंचं बक्षीस लागलं. कंपनीनं वारंवार जाहीर आवाहन केलं, पण पावती घेऊन कुणीच आलं नाही. 31 डिसेंबर 2020 ला मुदत संपली आणि तो हक्क गेला. तिथली मुदत वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षं मोजतात. आपल्याकडे इतका लांब दोर नाही. राज्य लॉटरीच्या तिकिटाची मुदत मागेच छापलेली असते आणि ती दिवसांत मोजायची असते.

49 पैकी 6 चं गणित मात्र निर्दय आहे. सहाही आकडे जुळण्याची शक्यता 1 कोटी 39 लाख 83 हजार 816 मध्ये एक. 2011 च्या जनगणनेतल्या अख्ख्या बृहन्मुंबईपेक्षा हा आकडा मोठा. मुख्य बक्षिसासाठी जादा एक अंकही जुळावा लागतो, म्हणजे शक्यता आणखी दहा पटींनी कमी, जवळपास 14 कोटींत एक. छापील तिकिटाची शक्यता याच्यापुढे कितीतरी चांगली, पण बक्षीसही त्या मानानं लहान.

दुसरा मोठा फरक कराचा. जर्मनीत लॉटरी कर तिकिटाच्या पैशावर लागतो. बक्षिसावर प्राप्तिकर नाही. लागलेले दहा लाख युरो म्हणजे दहा लाख युरोच. भारतात दोन्हीकडून कात्री आहे. तिकिटावर जीएसटी आणि बक्षिसावर प्राप्तिकर.

तिकिटावरच्या जीएसटीची कथा तर राजकीय इतिहासातच नोंदवावी अशी. आधी राज्यानं स्वतः विकलेल्या तिकिटावर 12 टक्के आणि दलालांमार्फत इतर राज्यांत जाणाऱ्यावर 28 टक्के असे दोन दर होते. हा घोळ सोडवायला 2019 मध्ये नेमलेल्या मंत्रिगटाचे प्रमुख महाराष्ट्राचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार होते. एकमत झालं नाही. 18 डिसेंबर 2019 रोजी जीएसटी परिषदेत पहिल्यांदाच मतदान घ्यावं लागलं, ते लॉटरीवरून: 21 विरुद्ध 7 मतांनी सरसकट 28 टक्के ठरले. दर मार्च 2020 पासून लागू झाला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. हा कर छापील किमतीतच धरलेला असतो. म्हणजे 100 रुपयांच्या तिकिटात आज साधारण 28 रुपये 57 पैसे कर आहे. सोडत, छपाई, विक्रेत्याचा वाटा, बक्षिसं आणि सरकारचा नफा हे सगळं उरलेल्या 71 रुपयांत बसवायचं. हे गणित लॉटरीवाल्यांच्या पोटावर आलं आहे, आणि त्यांची तक्रार खरी आहे. कर वाढला की बक्षिसं घटतात, बक्षिसं घटली की गिऱ्हाईक बेकायदा आकड्याकडे वळतं. जुगाराला आळा घालण्यासाठी काढलेली लॉटरी करानं इतकी महाग करायची की माणूस पुन्हा जुगाराकडे जाईल, हे धोरण म्हणून धड नाही.

आता बक्षिसावरचा कर, नालासोपाऱ्यातल्या त्या बक्षिसाच्या रकमेवरच पाहू. 1 कोटी 11 लाख खरोखर हाती आले असते तर? लॉटरीच्या उत्पन्नाला सरळ 30 टक्के दर लागतो. वर्षभरात दुसरं काहीही कमावलं नसलं तरी मूळ सवलतीची मर्यादा त्याला लागू होत नाही, आणि आयुष्यभर घेतलेल्या न लागलेल्या तिकिटांचा खर्च वजा करता येत नाही. 30 टक्के म्हणजे 33 लाख 30 हजार. ते वाशीतच टीडीएस म्हणून कापले जातात. बहुतेक जण इथे हिशेब संपला असं समजतात. पण उत्पन्न कोटीच्या वर गेलं की करावर 15 टक्के अधिभार आणि त्या सगळ्यावर 4 टक्के उपकर. एकूण कर 39 लाख 83 हजारांच्या आसपास. म्हणजे कापून आलेल्या रकमेतून आणखी साडेसहा लाख रुपये स्वतः भरायचे, तेही आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्याला. हाती राहतात 71 लाख. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात हे 115बीबी आणि 194बी या कलमांत होतं. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, 30 टक्के तसेच राहिले. एका बक्षिसाची रक्कम 10 हजारांपर्यंत असेल तर टीडीएस कापत नाहीत, पण विवरणपत्रात ती दाखवायची असतेच.

केरळात तर विक्रेत्याचं 10 टक्के कमिशनही बक्षिसातूनच जातं. 2022 च्या ओणम बंपरचं 25 कोटींचं बक्षीस तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागलं. कमिशन आणि टीडीएस वजा जाता आकडा 15 कोटी 75 लाखांवर आला. आठवडाभरात तो माणूस मदत मागणाऱ्यांच्या रांगेला कंटाळून घर बदलत फिरत होता आणि एवढं मोठं बक्षीस लागायला नको होतं असं पत्रकारांना सांगत होता.

मदत मागणाऱ्यांच्या मागोमाग आणखी एक जात येते. तुमच्या हाती करानंतर 71 लाख पडणार, मी 80 रोख देतो, तिकीट मला द्या. सांगणारा शेठ मूर्ख नसतो. त्याच्याकडे हिशेबाबाहेरचा पैसा असतो, आणि लॉटरीचं बक्षीस म्हणजे तो पैसा कर भरून राजरोस पांढरा करण्याची सोय. बोस्टनचा कुप्रसिद्ध गुंड व्हाइटी बल्जर यानं 1991 मध्ये 1 कोटी 43 लाख डॉलरच्या लॉटरी बक्षिसात आपला वाटा असल्याचा दावा केला, तेव्हा अमेरिकेत कुणाचाच विश्वास बसला नव्हता. आपल्याकडे असा सौदा करणारा विजेता नऊ लाखांच्या लोभापायी काळा पैसा लपवायला मदत केल्याच्या गुन्ह्यात अडकतो, आणि घरात 80 लाखांची रोकड ठेवून ती कुठून आली हे कुणालाच सांगू शकत नाही.

वसईच्या घरांत परदेशी लॉटऱ्यांची ओळखही आहे. आखातात किंवा जहाजावर असलेला एखादा नातेवाईक दुबई विमानतळावर 1000 दिरहमचं तिकीट घेतो. 1999 पासून चालणाऱ्या तिथल्या दहा लाख डॉलरच्या सोडतीत तिकिटं 5000 च असतात, म्हणून ती महाग असूनही खपतात. चार-पाच जण मिळून एक घेतात. तिथे राहणाऱ्या अनिवासी माणसाला ते कायदेशीर आहे, आणि परदेशात लागलेल्या, परदेशातच मिळालेल्या बक्षिसावर त्याला इथे कर नाही. पण वसईत बसून मोबाइलवरून जर्मन किंवा अमेरिकन लॉटरीचं तिकीट घेणं बेकायदा आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या 2000 च्या नियमांत लॉटरी तिकिटासाठी परदेशी पैसे पाठवायला स्पष्ट मनाई आहे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगीही मागता येत नाही. त्यामुळे ‘तुम्हाला जर्मन लॉटरी लागली आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असा संदेश आला तर दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही, आणि खरं बक्षीस देणारा आधी पैसे मागत नाही. जो कर असेल तो रकमेतून कापून घेतो. ‘केबीसी लॉटरी’चे 25 लाख लागल्याचे व्हॉट्सॲप संदेश वर्षानुवर्षं फिरत आहेत, आणि शिकलेली माणसंही त्यात शुल्क भरून बसली आहेत.

विरारमध्ये लॉटरी हा शब्द उच्चारला की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे तिकीट येत नाही, म्हाडा येते. बोळींजच्या म्हाडा वसाहतीतल्या घरांसाठी कोकण मंडळानं सोडती काढल्या. पाण्याच्या टंचाईमुळे आणि किमतींमुळे हजारो घरं पडून राहिली, शेवटी प्रथम येणाऱ्यास प्राधान्य देऊन ती विकायची वेळ आली. नंबर लागूनही लोकांनी बक्षीस नको म्हटलं, असा प्रकार लॉटरीच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

राज्य लॉटरीचं पुढे काय, हा प्रश्न सरकारपुढेच आहे. केरळची लॉटरी वर्षाला बारा हजार कोटींच्या पुढे विक्री करते, आणि 2011 पासून तिच्या कारुण्य सोडतीतून गरिबांच्या औषधोपचारांचा निधी उभा राहतो. महाराष्ट्राची लॉटरी त्याच्या आसपासही नाही. बंपरचा काळ सोडला तर अनेक सोडती थंड जातात. 2025 मध्ये ती बंदच करावी अशी चर्चा निघाली, विक्रेते रस्त्यावर आले, आणि सरकारनं इतर राज्यांच्या लॉटऱ्यांचा अभ्यास करायला आमदारांची समिती नेमली. अध्यक्ष पुन्हा सुधीर मुनगंटीवार. समितीनं केरळकडून उत्पन्नाच्या युक्त्या जरूर घ्याव्यात, पण जर्मनीकडूनही एक गोष्ट घ्यावी: विकल्या क्षणी प्रत्येक तिकिटाची नोंद मध्यवर्ती संगणकावर व्हावी आणि ती गिऱ्हाईकाला टपरीवरच मोबाइलवर पाहता यावी. बनावट तिकीट तिथल्या तिथे उघडं पडेल आणि भाजीवाल्याला वाशीपर्यंत जाऊन ते कळायची वेळ येणार नाही.

तोवर काळजी गिऱ्हाईकानंच घ्यायची आहे. तिकीट नोंदणीकृत विक्रेत्याकडून घ्या. टपरीवरच पेन मागून मागे नाव-पत्ता लिहा, सही करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि निकाल लॉटरीच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः पाहा. टपरीवरच्या तक्त्यावर किंवा कुणी पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. मोठा नंबर लागलाच तर तिकीट दुसऱ्याच्या हातात देऊ नका, पेढे नंतर वाटा, आणि मुदतीचे दिवस मोजून स्वतः वाशीची गाडी धरा.